आयत्या वेळचे विषय

घराचा उतारा हवा होता म्हणून ग्रामपंचायतीत गेलो होतो. नमुना आठचा. ग्रामसेवक भाऊसाहेब तालुक्याला गेले होते. आमचे भाऊसाहेब गावात नसले की तालुक्याला असतात, आणि तालुक्याला चौकशी केली की गावाला गेलेले असतात. मधल्या दहा किलोमीटरांत त्यांचं कुठेतरी खरं कार्यालय असावं. शिपायाने खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. वाचायला पेपर मागितला, तर पेपर सरपंचांच्या घरी गेलेला. मग त्याने टेबलावर जे होतं तेच माझ्यापुढे सरकवलं. ते ग्रामसभेचं प्रोसिडिंग बुक होतं.

बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस मी. छापील फॉर्म, दुरेघी रेघा आणि शिक्के पाहिले की आजही बरं वाटतं. पानं उलटत गेलो. सगळ्या सभा एकाच साच्यातल्या. सुरुवातीला मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग जमाखर्च. मग शासनाकडून आलेल्या परिपत्रकांचे वाचन. आणि शेवटी, मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. जाणकारांनी वाचन इथूनच सुरू करावं. लग्नपत्रिकेत जसा खरा मजकूर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' मध्ये नसतो, तसा गावाचा कारभार पहिल्या दहा विषयांत नसतो.

15 ऑगस्टच्या सभेचे आयत्या वेळचे विषय वाचत होतो. त्यातला चौथा असा: गावचावडीच्या पाठीमागील मोकळ्या जागेत सार्वजनिक मुतारी बांधणेबाबत. सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. सूचक म्हणून माझ्या चुलतभावाचं नाव होतं. अनुमोदक मी.

चावडीच्या पाठीमागची मोकळी जागा म्हणजे माझ्या घराची पूर्वेची भिंत. त्या भिंतीला एकच खिडकी आहे, ती देवघराची. आणि 15 ऑगस्टला मी पुण्यात लेकीकडे होतो. दोनच दिवसांपूर्वी मोतीबिंदू काढलेला, डोळ्यावर हिरवी पट्टी, मान हलवायची नाही, खाली वाकायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम. डोळे झाकून अनुमोदन देणं म्हणतात ते आजवर मला अलंकारिक वाटत आलं होतं.

संध्याकाळी भाऊसाहेब सापडले. ते अजिबात ओशाळले नाहीत. "साहेब, तुमचं नाव मुद्दाम घातलंय, मानानं. शिकलेला माणूस अनुमोदक असला की वरनं तपासणी आली तरी कुणी इचारत न्हाई." मला क्षणभर आभार मानावेत की काय असं वाटलं.

तसा कायद्यात ग्रामसभेला मान फार मोठा आहे. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली आणि ग्रामसभा थेट राज्यघटनेत जाऊन बसली. आमदाराला निवडून यावं लागतं, सरपंचाला यावं लागतं. ग्रामसभेचं सभासद व्हायला काहीच करावं लागत नाही, मतदार यादीत नाव असलं की झालं. ते सभासदत्व मरेपर्यंत टिकतं. आमच्या यादीत तर मेल्यावरही पाचसात वर्षं टिकतं. महाराष्ट्राचा ग्रामपंचायतींचा कायदा 1958 चा. त्यात वर्षाला किमान चार सभा सांगितल्या आहेत. प्रथा पडली आहे ती 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरची. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांत जे कमी असेल ते. आमची यादी अडीच हजारांची, म्हणजे शंभर पुरेत. आमच्याकडे साध्या बारशाला शंभर माणसं न बोलावता येतात. पण ग्रामसभेची दवंडी झाली की गावाला एकदम शेतातली कामं आठवतात. ज्याला शेत नाही तोही बांधावर जाऊन उभा राहतो.

कायदा करणाऱ्याने मात्र गाव पाहिलेलं असणार. शंभर माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब करायची, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नाही. या एका तरतुदीवर राज्याचा निम्मा ग्रामीण विकास उभा आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. जिथे तहकुबी नको असते तिथे दुसरा उपाय असतो. झेंडावंदनाची जिलेबी वाटून झाली की शिपाई हजेरी रजिस्टर काखोटीला मारून निघतो. आधी दूध डेअरी, मग पिठाची गिरणी, मग न्हाव्याचं दुकान. अर्धी दाढी झालेला माणूस सहीला नाही म्हणत नाही, कारण त्याला हलता येत नाही. बारा वाजेपर्यंत गणपूर्ती होऊन वर सात माणसं उरतात.

चारशे वर्षांपूर्वीच्या गोतसभेत हे चाललं नसतं असं लोक म्हणतात. मला तितकी खात्री नाही. तंट्याचा निवाडा झाला की महजर लिहायचा आणि खाली प्रत्येकाने आपापली निशाणी करायची ही रीत होती. पाटलाची निशाणी नांगर. बलुतेदारांनी ज्याच्या त्याच्या हत्याराची खूण काढायची. साक्षीपुराव्याने भागलं नाही तर दिव्य करायचं. त्यातल्या रवादिव्यात कढत तेला-तुपात हात घालून धातूचा तुकडा बाहेर काढायचा. हात पोळला तर माणूस खोटा. (आमच्या सभेतला चहा याच जातकुळीचा, पण तो खरा-खोटा भेद करत नाही, सगळ्यांना सारखाच पोळतो.) त्या सभांत कोणी बसायचं आणि कोणी लांब उभं राहायचं हे जातीवर ठरायचं, त्यामुळे जुनं ते सोनं म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण पाटील परगावी असताना कोणी त्याचा नांगर कागदावर ओढला, तर त्याला बनावट महजर म्हणत. आमच्याकडे त्याला मान देणं म्हणतात.

'सर्वानुमते' या शब्दाचंही मला त्या रात्री वाईट वाटलं. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं गोंड आदिवासींचं छोटं गाव आहे. तिथे गावाचा निर्णय खरोखरच सर्वांच्या संमतीने होतो. एकाचाही विरोध असला तर विषय पुढच्या बैठकीला, तिथेही पटलं नाही तर त्याच्या पुढच्या. बहुमताने उरकायचं नाही. हा असा चिवटपणा केल्यावर 2009 मध्ये त्या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि पुढे आपल्या जंगलातला बांबू ते स्वतः विकू लागले. म्हणजे एका शब्दासाठी त्यांनी वर्षानुवर्षं घातली. आमच्या भाऊसाहेबांनी सोयीसाठी त्याचा रबरी शिक्काच करून घेतलाय.

तेव्हा ठरवलं, 2 ऑक्टोबरच्या सभेला जायचंच.

नोटिशीवर वेळ दहाची होती. मी दहाला पोचलो. मारुतीच्या देवळासमोर सतरंजी, टेबल, टेबलावर गांधीजींचा फोटो, फोटोला सुताचा हार. माणूस म्हणाल तर शिपाई. "अण्णा, आज लवकर?" त्याने काळजीने विचारलं. साडेदहाला भोंग्यावरून 'ह्यालो, ह्यालो' सुरू झालं. सव्वाअकराला सभा भरली. म्हातारी माणसं पारावर, बायका देवळाच्या ओट्यावर एका अंगाला, आणि तरणी पोरं रस्त्याच्या कडेला मोटारसायकलवर एक पाय टाकून. ही एका पायावरची मंडळी सभेत बसत नाहीत, सहीही करत नाहीत, पण सगळ्यात जास्त मतं त्यांनाच असतात.

आमचं सरपंचपद या खेपेला महिलेसाठी राखीव आहे. निवडून आल्यावर पहिल्या दोन सभा सरपंचबाईंचे यजमान खुर्चीवर बसले होते आणि बाई शेजारी. तिसऱ्या सभेला ओट्यावरच्या अक्कांनी मोठ्याने विचारलं, "खुर्ची तुमची का तुमच्या बायकोची?" तेव्हापासून यजमान मागच्या रांगेत बसतात आणि तिथून खाकरतात. एक खाकरणं म्हणजे हो, दोन म्हणजे नको. बाई ऐकतात की नाही हे गावाला अजून नीट कळलेलं नाही.

भाऊसाहेबांनी मागील इतिवृत्त वाचायला घेतलं. भटजी सत्यनारायणाची पोथी उरकतात त्या चालीवर, पाच विषय एका श्वासात. सहाव्यासाठी श्वास घ्यायला ते थांबले तेवढ्यात मी हात वर केला.

"मी त्या सभेला नव्हतो. पुण्याला होतो. अनुमोदक म्हणून माझं नाव आहे, ते कमी करा."

भोंगा कुईं करून गप्प झाला. मागून दोनदा खाकरल्याचा आवाज आला. मग पारावरून आबा उठले. आबांचं वय पंच्याऐंशी, आणि कोणत्याही विषयाचं मूळ त्यांना 1972 च्या दुष्काळात सापडतं. "बाहत्तरच्या दुष्काळात," ते म्हणाले, "आमी खडी फोडली. तवा गावात मुतारी हुती का? न्हवती. काय अडलं का?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. त्या वर्षी गावात प्यायलाच पाणी नव्हतं, हे एका पोराने मोटारसायकलवरून सुचवलं, पण ते आबांना ऐकू गेलं नाही.

मग प्लास्टिकची फाइल उघडली. आमच्या गावात एक फाइलवाला आहे. माहितीचा अधिकार 2005 साली आला तेव्हा तो दुसरीत होता, पण त्याच्यासाठीच तो कायदा झाला असावा. त्याने शांतपणे विचारलं, "अनुमोदक हजर न्हवते. सूचक तरी हुते का?"

सगळ्यांच्या माना माझ्या चुलतभावाकडे वळल्या. तो उभा राहिला. "दादा, तुझ्या गळ्याशप्पत सांगतो, मी हुतो सभेला. पर मी गटारीचं बोललो. मुतारीचा शबुद माझ्या तोंडातनं गेला न्हाई."

म्हणजे सूचकाने सुचवलं नव्हतं आणि अनुमोदक डोळ्यावर पट्टी बांधून पुण्यात पडलेला. मग विषय आणला कोणी? दहा मिनिटं गावाने एकमेकांकडे पाहिलं. शेवटी भाऊसाहेबांनी घाम पुसत सांगितलं ते असं. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी येतो, त्यातला 60 टक्के बंधित असतो. तो फक्त स्वच्छता आणि पाण्यावरच खर्चायचा, रस्त्याला वापरता येत नाही, देवळाला तर नाहीच. स्वच्छतेच्या खात्यात पैसे पडून होते. आराखड्यात काम दाखवलं पाहिजे, कामाला ठराव पाहिजे, ठरावाला दोन नावं पाहिजेत. "आणि जागा?" मी विचारलं. "मोकळी दिसली," भाऊसाहेब म्हणाले.

थोडक्यात, मुतारीची मागणी कोणत्याही माणसाने केलेली नव्हती. ती पैशांनी केली होती. मी बँकेत असताना मार्चअखेरीला असे प्रकार पाहिले आहेत, त्यामुळे मला भाऊसाहेबांची कीवच आली. आता मला वाटलं, गाव माझ्या बाजूने उभं राहील. इथे माझा अंदाज चुकला.

"म्हंजी अण्णांच्या भितीला नको, म्हणून गावाला नको?" मोटारसायकलवरून प्रश्न आला.

"तसं नाही..."

"मग आत्ता तिथं काय चालतंय? बुधवारी बाजाराला आलेलं सगळं माणूस कुठं जातंय?"

हशा झाला. आणि माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. बुधवारी संध्याकाळी देवघरात उदबत्तीचा पुडा का संपतो, याचं कारण मी पावसाळी दमटपणावर ढकलत होतो. सौभाग्यवतींनी तर त्यासाठी देवघराच्या भिंतीला दोनदा चुना मारून घेतला होता. ती जागा व्यवहारात केव्हाचीच मुतारी होती. ठरावाने तिला फक्त चार भिंती मिळणार होत्या.

मी खाली बसणार एवढ्यात अक्का उठल्या. अक्का ओट्यावरून कधी खाली उतरत नाहीत, त्यांचा आवाज उतरतो. "बाप्यांस्नी कुठलीबी भित पुरती. बाजाराला माळव्याची पाटी घिऊन बाया येत्यात, सकाळच्या सातपासनं दिवस मावळंस्तवर. त्यांनी कुठं जायाचं? काल बाया-बायांच्या सभेत आमी हेच बोललो. भाऊसाहेब, वाचा की कालचं."

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे, आणि आमच्याकडे ती खरोखर होते, वेळेवर होते, रजिस्टर फिरवावं लागत नाही. भाऊसाहेबांनी पान काढलं. बराच वेळ ते पानाकडे पाहत राहिले. मग वाचलं, "महिला सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली."

"फुडं?"

"पुढं... आभार मानून सभा संपली."

"खेळीमेळी?" अक्का म्हणाल्या. "तासभर आमी तिथं फुगडी घालत हुतो व्हय?"

मी आजवर बऱ्याच सभा पाहिल्या, बँकेच्या युनियनच्या, साहित्य संमेलनाच्या, एक तर सहकारी साखर कारखान्याची वार्षिक. पण एका वाक्याने अख्खं इतिवृत्त आडवं झालेलं मी तेवढ्यातच पाहिलं.

आडव्यावरून आठवलं. दारूबंदीचं मतदान होतं त्यात उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हं असतात. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातलं दुकान बंद. आलेल्यांपैकी नव्हे, यादीतल्या एकूण. म्हणजे जी घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीला. बायकांसाठी गणपूर्ती एवढी कडक, आणि आमची न्हाव्याच्या दुकानात होते. तरी त्या बाटल्या आडव्या करतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने 4 मे 2022 रोजी ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. तोही ठराव असाच लिहिलेला असणार, रुक्ष, सूचक-अनुमोदकासकट. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. एरवी परिपत्रकं वरून खाली येतात. हे खालून वर गेलं. हे मला माहीत होतं, वर्तमानपत्रात वाचलं होतं. फक्त असं काही आपल्या देवळासमोर घडताना दिसेल अशी अपेक्षा नव्हती.

तर सरपंचबाई. त्या आतापर्यंत गांधीजींच्या फोटोशेजारी फोटोसारख्याच बसल्या होत्या. त्यांनी माईक ओढला. "भाऊसाहेब, लिवा. चावडीमागं बायकांसाठी सवच्छतागृह. दोन खोल्या. आतनं कडी. पान्याची टाकी वर. दिवा. आन् बाप्यांची मुतारी बाजारतळाच्या पल्याड, वड्याच्या अंगाला."

मागून दोनदा खाकरल्याचा आवाज आला. मग तिसऱ्यांदा. मग यजमान उभेच राहिले, "अगं, पर वड्याकडची जागा..."

"तुमी बसा. सभा संपल्यावर घरी बोलू."

ते बसले. सभेनंतर घरी काय झालं ते गावाला कळलेलं नाही, पण बुधवारी बाई एकट्या तालुक्याला जाऊन आल्या.

"सूचक अक्का," सरपंचबाई म्हणाल्या. "अनुमोदक?"

सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं. भिंत तीच होती. खिडकीही तीच. मी मनातल्या मनात हिशेब केला. देवघर हलवावं लागेल. सौभाग्यवती काय म्हणतील? ओट्याकडे पाहिलं तर सौभाग्यवती अक्कांच्या शेजारीच बसलेल्या, आणि त्यांचा हात आधीच वर. मग मीही केला. या खेपेला दोन्ही डोळे उघडे होते.

सभा संपल्यावर मी प्रोसिडिंग बुकात काय लिहिलं ते पाहायला गेलो. आबांचा दुष्काळ, फाइल, बुधवारचा बाजार, फुगडी, तीन वेळचं खाकरणं, यांतलं काहीही नव्हतं. सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला. "भाऊसाहेब, निदान अक्का काय बोलल्या ते तरी लिहा," मी म्हटलं. ते म्हणाले, "साहेब, त्याला नमुना न्हाई."

पुढची सभा 26 जानेवारीला आहे. तुमच्याही गावात असेल. नोटिशीवर दहा लिहिलेलं असेल, तुम्ही सव्वाअकराला गेलात तरी चालेल. पण मागील इतिवृत्त वाचतात तेव्हा मात्र बाहेर पान खायला जाऊ नका. तुम्ही कशाला अनुमोदन दिलंय ते तिथेच कळतं.

माझा नमुना आठचा उतारा अजून मिळालेला नाही. भाऊसाहेब तालुक्याला गेलेत.